नावाने हाक मारण्याचा इतिहास

शब्द आणि अर्थ यांचा संबंध कोणत्या प्रकारचा, हा वाद आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वीपासून घातलेला आहे. मीमांसकांनी हा संबंध नित्य मानला. नैयायिकांनी तो संकेताने ठरलेला मानला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकाच्या भाषा रचणाऱ्यांपुढे याच प्रश्नाचे एक व्यावहारिक रूप उभे राहिले. यंत्राला शिकविलेले नाव संकेतानेच अर्थ धारण करते, याविषयी तेथे दुमत नव्हते. मतभेद होता तो हा संकेत केव्हा पक्का करावयाचा याविषयी. आज्ञावली लिहिली जात असतानाच, की ती प्रत्यक्ष चालू असताना, अगदी हाक मारण्याच्या क्षणी? या प्रश्नाला गेल्या पाऊणशे वर्षांत जी उत्तरे मिळाली त्यांचा आढावा प्रस्तुत लेखात आम्ही घेणार आहोत.

विषय परका वाटू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. एखाद्या ग्रंथालयाच्या कामकाजासाठी आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, लिहिला आहे. त्यात प्रत्येक पुस्तकासाठी एक घटक असतो. त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. त्या पुस्तकाची माहिती आणि त्याच्याकडून करून घ्यावयाची कामे अशा दोन्ही गोष्टी त्यात एकत्र बांधलेल्या असतात. ‘वाचकाला द्या’, ‘परत घ्या’, ‘मुदत वाढवा’ ही ती कामे. अशा प्रत्येक कामाला मेथड ही संज्ञा आहे. आता ‘मुदत वाढवा’ हे नाव प्रोग्राम लिहिणाऱ्याने आपल्या हाताने लिहून ठेवले असेल, तर गोष्ट सरळ आहे. परंतु कोणते काम करावयाचे हेच आधी ठाऊक नसले, त्याचे नाव पडद्यावरील बटणातून, एखाद्या फाइलमधून किंवा दूरच्या दुसऱ्या संगणकाकडून आयत्या वेळी अक्षरांच्या रूपाने येणार असले, तर काय करावयाचे? त्या अक्षरांवरून मेथड शोधून ती चालविणे, हाच आमच्या लेखाचा विषय होय.

आरंभीच्या यंत्रांत हा प्रश्न उद्भवतच नव्हता. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात १९४९ मध्ये एडसॅक हा संगणक चालू झाला. वारंवार लागणारी गणिते पुन्हा पुन्हा लिहावी लागू नयेत म्हणून तेथे मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि त्यांचे सहकारी यांनी छोट्या आज्ञावल्यांचा एक संग्रहच कागदी फितींवर तयार केला. पण तेथे यंत्र ओळखत असे ते स्मृतीतील स्थान, म्हणजे एक आकडा. पुढे १९५७ मध्ये आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या गटाने फोर्ट्रान ही भाषा सिद्ध केली, तेव्हा माणसाला बीजगणितासारख्या नावांनी लिहिता येऊ लागले. तरीही ही नावे माणसाच्या सोयीपुरतीच होती. कंपायलर नावाचा भाषांतरकार प्रोग्राम चालण्यापूर्वीच त्या नावांच्या जागी स्मृतीतील पत्ते घालीत असे. प्रोग्राम धावू लागला की नावाचे काम संपले.

नाव जिवंत ठेवण्याचा पहिला मोठा प्रयत्न जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेत झाला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५८ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि १९६० मध्ये तिच्यावरील प्रसिद्ध निबंध छापून आला. लिस्पमध्ये नाव ही स्वतःच एक वस्तू होती. ती यादीत ठेवता येई, एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठविता येई आणि प्रोग्राम चालू असताना तिचा अर्थ विचारता येई. मॅकार्थी यांनी ‘इव्हॅल’ ही क्रिया सिद्धान्त मांडण्याच्या हेतूने कागदावर लिहिली होती; त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी ती यंत्रावर चालवून दाखविली. लिहिलेला मजकूर आणि चालणारे काम यांच्यामधील भिंत येथे प्रथम पातळ झाली.

ऑब्जेक्टची कल्पना मात्र वेगळ्या देशातून आली. ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड हे दोघे जहाजे, कारखाने, रांगा यांसारख्या व्यवहारांचे यंत्रावर प्रतिरूप उभे करण्याच्या प्रयत्नात होते. त्यांच्या सिम्युला ६७ या भाषेत १९६७ मध्ये क्लास, ऑब्जेक्ट आणि वारसा या तिन्ही कल्पना एकत्र आल्या. एकाच नावाची मेथड निरनिराळ्या ऑब्जेक्टमध्ये निरनिराळे काम करू शकते, हे येथे सिद्ध झाले. ग्रंथालयाच्या भाषेत सांगावयाचे तर ‘मुदत वाढवा’ म्हटल्यावर कथासंग्रहाला पंधरा दिवस मिळतील आणि संदर्भग्रंथ नकार देईल. तथापि, ही निवड भाषांतराच्या वेळी आखून ठेवलेल्या चौकटीतच होत असे. नाव स्वतः तेथेही मागे पडत होते. त्याच्या जागी तक्त्यातील क्रमांक येत होता. डाल आणि न्यूगार्ड यांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, दोघेही निवर्तले.

या चौकटीतून नाव बाहेर काढले ते कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधनकेंद्राने. तेथे १९७२ पासून ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग आणि त्यांचे सहकारी स्मॉलटॉक ही भाषा घडवीत होते. के यांची दृष्टी अशी की, ऑब्जेक्ट म्हणजे एकमेकांना निरोप धाडणारे स्वतंत्र जीव. निरोपात कामाचे नाव असते; ते काम कसे करावयाचे, किंबहुना करावयाचे की नाही, हे निरोप घेणारा ठरवितो. धाडणाऱ्याला त्याच्या घरात डोकावण्याचा अधिकार नाही. नाव आणि मेथड यांची गाठ निरोप पोहोचण्याच्या क्षणी पडते. ‘ऑब्जेक्ट’ हा शब्द आपण रूढ केल्यामुळे लोकांचे लक्ष दुय्यम गोष्टीकडे गेले, खरी कल्पना निरोपांची होती, अशा आशयाचे के यांनी स्वतःच १९९८ मध्ये लिहिले आहे.

१९८० च्या दशकाच्या आरंभी स्मॉलटॉक-८० ही आवृत्ती जगापुढे आली. तिच्यातील दोन सोयी आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली ‘परफॉर्म’. निरोपाचे नाव आधी लिहून ठेवण्याऐवजी ते कोणत्याही चलात भरून ठेवावे आणि मग ‘या नावाचे काम कर’ असे ऑब्जेक्टला सांगावे, ही ती सोय. दुसरी ‘डझ-नॉट-अंडरस्टँड’. आलेल्या नावाची मेथड आपल्याजवळ नसेल तर ऑब्जेक्टला हा निरोप मिळतो आणि ‘मला समजले नाही’ असे म्हणण्याची रीतसर संधी लाभते. पुष्कळ प्रोग्रामकारांनी या संधीचा चतुर उपयोग केला. न समजलेला निरोप तसाच उचलून दुसऱ्या ऑब्जेक्टकडे, प्रसंगी दुसऱ्या यंत्रावरील ऑब्जेक्टकडे, पोहोचविणारे मध्यस्थ त्यांनी लिहिले. नाव न ओळखणे ही चूक न राहता तो एक व्यवहार झाला.

येथून वाट दुभंगली. न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये ‘सी’ भाषेत सिम्युलाचे क्लास आणण्यास आरंभ केला. १९८३ मध्ये या भाषेला सी प्लस प्लस हे नाव मिळाले. तिचा बाणा काटकसरीचा होता. मेथड निवडण्यासाठी तक्त्यात एक नजर टाकावी, त्याहून अधिक खर्च नको. नावावरून शोध घेणे तिला परवडणारे नव्हते. त्याच सुमारास ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी त्याच ‘सी’ भाषेवर स्मॉलटॉकचे निरोप चढविले. ही ऑब्जेक्टिव्ह-सी. तिच्यात मेथडचे नाव प्रोग्राम चालू असतानाही शिल्लक राहते आणि प्रत्येक निरोपाच्या वेळी त्या नावावरून मेथड शोधली जाते.

ऑब्जेक्टिव्ह-सी कदाचित विस्मृतीत गेली असती. स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीने तिचा अंगीकार केला आणि तिचे भाग्य पालटले. या कंपनीच्या इंटरफेस बिल्डर या साधनात पडद्यावर बटण ओढून ठेवावयाचे आणि ते दाबल्यावर कोणत्या ऑब्जेक्टला कोणत्या नावाचा निरोप जावा एवढे नोंदवावयाचे, अशी व्यवस्था होती. बटण घडविणाऱ्याला पुढचे काम ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नाव फाइलमध्ये अक्षरांच्या रूपाने राही आणि बटण दाबल्यावर त्याला अर्थ मिळे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळील सर्न येथे जगातील पहिला वेब ब्राउझर लिहिला तो याच कंपनीच्या संगणकावर. १९९६ च्या अखेरीस ॲपलने नेक्स्ट विकत घेण्याचे जाहीर केले आणि पुढे आयफोनवरील ॲप याच भाषेत लिहिली जाऊ लागली.

हाकेच्या वेळी शोध घेणे महाग पडते, हा आक्षेप खोटा नव्हता. त्याचे उत्तर एका साध्या निरीक्षणातून निघाले. पीटर डॉइच आणि ॲलन शिफमन यांनी १९८४ मध्ये दाखविले की, प्रोग्राममधील एका विशिष्ट जागेहून जो निरोप जातो तो बहुधा त्याच प्रकारच्या ऑब्जेक्टला जातो. तेव्हा पहिल्या शोधाचे उत्तर त्या जागीच टिपून ठेवावे. पुढच्या वेळी ऑब्जेक्टचा प्रकार तोच असेल तर शोध न घेता टिपण वापरावे. रोजच्या दूधवाल्याला आपण दरवेळी नावगाव विचारीत नाही, त्यातलाच हा प्रकार. सेल्फ या भाषेवर काम करणारे उर्स होल्झले, क्रेग चेंबर्स आणि डेव्हिड अंगर यांनी १९९१ मध्ये एकाच जागी अनेक प्रकारांची टिपणे ठेवण्याची रीत मांडली. सेल्फवर काम केलेले लार्स बाक यांच्याच नेतृत्वाखाली गूगलचे व्ही-८ हे जावास्क्रिप्ट चालविणारे यंत्र घडले आणि २००८ मध्ये क्रोमसोबत बाहेर पडले. त्यातही टिपणे ठेवण्याची हीच युक्ती आहे.

दरम्यान १९९५ मध्ये जावा आली. प्रथमदर्शनी ती सी प्लस प्लसच्या शिस्तीची होती. परंतु १९९७ च्या १.१ या आवृत्तीत तिने ‘रिफ्लेक्शन’ ही सोय दिली. प्रोग्रामने आरशात पाहावे तसे स्वतःकडे पाहावे, आपल्या ऑब्जेक्टमध्ये कोणत्या नावांच्या मेथड आहेत हे विचारावे आणि त्यांतील एखादी नावाने चालवावी. केंट बेक आणि एरिक गामा यांनी लिहिलेल्या जेयुनिट या चाचणी-साधनाने या सोयीचा सुंदर उपयोग केला. ज्या मेथडचे नाव ‘टेस्ट’ या अक्षरांनी सुरू होते ती चाचणी, असा संकेत त्याने ठेवला आणि अशा साऱ्या मेथड तो स्वतःच हुडकून चालवू लागला. सोय मोठी होती, पण तिच्यात एक खोच होती. लिहिणाऱ्याच्या हातून ‘टेस्ट’ या शब्दातील दोन अक्षरे उलटसुलट झाली, तर ती चाचणी कधी चालतच नसे. कंपायलर तक्रार करीत नसे, कारण त्याच्या दृष्टीने ते एक वैध नाव होते. चाचणी फसल्याचे दिसत नसे आणि यशस्वी झाल्याचेही दिसत नसे. २००६ मध्ये आलेल्या जेयुनिट ४ ने नावाच्या अक्षरांऐवजी कंपायलरला तपासता येईल अशी खूण वापरण्यास सुरुवात केली, ती उगाच नव्हे.

पायथन आणि रूबी या भाषांनी हीच परंपरा अधिक मोकळेपणाने चालविली. पायथनमध्ये ‘गेट-ॲट्र’ या क्रियेला ऑब्जेक्ट आणि नाव दिले की त्या नावाची मेथड हाती येते. रूबीमध्ये ‘सेंड’ आहे आणि स्मॉलटॉकच्या ‘मला समजले नाही’ या निरोपाचा वंशज ‘मेथड-मिसिंग’ आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेल्स या चौकटीने त्याच्या आधारे अशी किमया केली की, ‘नावावरून शोधा’, ‘गावावरून शोधा’ अशा मेथड कोणी लिहिल्या नसतानाही चालत. नाव आले की त्याचे तुकडे पाडून त्याचा अर्थ तेथल्या तेथे लावला जाई.

इतका वेळ आम्ही मोकळिकीचे गुण गायिले. आता हिशेबाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. नावाचा अर्थ हाकेच्या क्षणी ठरतो, याचा दुसरा अर्थ असा की, जो नाव उच्चारतो त्याच्या हाती काम निवडण्याचा अधिकार जातो. नाव प्रोग्रामकाराचे असेल तोवर बिघडत नाही. ते अनोळखी माणसाकडून आले तर?

२०१५ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील एका परिषदेत ख्रिस फ्रोहॉफ आणि गॅब्रिएल लॉरेन्स यांनी या प्रश्नाचे उत्तर प्रात्यक्षिकासह दिले. जावाच्या कॉमन्स कलेक्शन्स या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संग्रहात ‘इन्व्होकर ट्रान्सफॉर्मर’ नावाचा एक निरुपद्रवी घटक होता. त्याच्याजवळ मेथडचे नाव अक्षरांत ठेवावयाचे. समोर येईल त्या ऑब्जेक्टवर तो त्या नावाची मेथड चालवी. एवढेच त्याचे काम. पण अनेक व्यवस्था जाळ्यावरून आलेले गाठोडे उघडून त्यातून ऑब्जेक्ट पुन्हा उभे करीत असत, आणि त्या गाठोड्यात हा घटकही घालून पाठविता येई. घातक नावांची साखळी गुंफलेले गाठोडे कोणी पाठविले की ते उघडताच यजमानाचा संगणक पाहुण्याच्या आज्ञेत जाई. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अनेक प्रसिद्ध व्यापारी प्रणालींवर हा प्रयोग लागू पडतो हे जाहीर झाले, आणि संग्रहाच्या कर्त्यांनी तातडीने नवी आवृत्ती काढून गाठोड्यांतील अशा घटकांना मज्जाव केला.

डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आलेला लॉग-फोर-जे या साधनातील दोष याच कुळातला. हे साधन नोंदी लिहिण्याचे; रोजनाम्यासारखे. परंतु नोंदीच्या मजकुरात विशिष्ट कंसांत एखादे नाव आले तर त्याचा अर्थ शोधून तो तेथे घालावा, अशी सोय त्यात ठेवलेली होती, आणि तो शोध दूरच्या संगणकापर्यंतही जाऊ शके. परिणामी, कोणीही आपल्या नावाच्या रकान्यात किंवा गप्पांच्या चौकटीत तशी अक्षरे लिहावीत, ती इमानाने रोजनाम्यात नोंदली जावीत, आणि नोंदता नोंदता परक्याचा प्रोग्राम घरात उतरावा, अशी अवस्था झाली. धोक्याच्या मोजपट्टीवर या दोषाला दहापैकी दहा गुण मिळाले.

आमच्या मते या घटनांवरून ‘नावाने हाक मारू नये’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. आपल्या सराफीचा अनुभव येथे उपयोगी पडावा. हुंडी म्हणजे तरी काय? कागदावर लिहिलेली अक्षरे, ज्यांचे रोख रकमेत रूपांतर पेढीवर सादर करण्याच्या क्षणी होते. ही लवचीकता होती म्हणून दूरदूरच्या पेठांत व्यापार चालला. परंतु सराफांनी नामजोग हुंडी आणि शाहजोग हुंडी असे भेद केले. पहिलीत रक्कम लिहिलेल्या नावाच्याच माणसाला. दुसरीत ती पेठेत पत असलेल्या शहालाच मिळावयाची. अर्थ उशिरा ठरवावयाचा असेल तर ओळख पटविण्याचा नियम आधी ठरलेला असला पाहिजे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. संगणकशास्त्रातही शहाणपणाची रीत हीच ठरली आहे. बाहेरून आलेले नाव परवानगी दिलेल्या नावांच्या यादीत आहे की नाही ते पाहावे. असेल तरच मेथड शोधावी. नसेल तर स्पष्ट शब्दांत नकार द्यावा. ग्रंथालयाच्या पडद्यावरून ‘मुदत वाढवा’ हे नाव आले तर ते मानावे, ‘सर्व नोंदी पुसा’ हे आले तर मानू नये, मग ती मेथड ऑब्जेक्टमध्ये खरोखर असली तरीही. ॲपलची स्विफ्ट ही भाषा १९१४ नंतर शंभर वर्षांनी, म्हणजे २०१४ मध्ये, आली. तिनेही २०१६ मध्ये निरोपाचे नाव नुसत्या अक्षरांत लिहिण्याऐवजी कंपायलरकडून तपासून घेण्याची सोय केली.

मराठीत लिहिणाऱ्यांना या प्रकरणात एक खास अडचण आहे, ती सांगून लेख आवरता घेतो. २००८ च्या पायथन ३ पासून मेथडला देवनागरी नाव देता येते. आता ‘दुसऱ्या’ हा शब्द पाहा. त्यातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर संगणकावर निदान तीन प्रकारे साठविता येते: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त करून, ‘र’ आणि नुक्ता अशी दोन चिन्हे जोडून, किंवा ‘र’ हलन्त करून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही रूपे बहुधा एकच दिसतात. यंत्राला ती तीन वेगळी नावे आहेत. प्रोग्रामच्या लिखाणात यांतील पहिली दोन रूपे आली तर पायथन ती एकरूप करून घेतो. परंतु तेच नाव चालू प्रोग्राममध्ये यांतील दुसऱ्या रूपातील अक्षरांनी आले, तर ‘गेट-ॲट्र’ ते जसेच्या तसे धरतो आणि मेथड सापडत नाही असे सांगतो. जोडचिन्हाचे तिसरे रूप तर युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणानेही पहिल्याशी एकरूप होत नाही. देवनागरीत नावे ठेवू इच्छिणाऱ्याने बाहेरून आलेल्या नावाचे लेखन प्रथम एका ठरलेल्या रूपात आणावे, आणि मगच यादी चाळावी.

लिस्पपासून आजवरच्या या प्रवासात नावाला दीर्घायुष्य मिळाले, ही त्यातील खरी कमाई होय. बटण घडविणारा आणि काम लिहिणारा यांची कधी गाठ पडली नाही तरी दोघांचे काम एकमेकांशी जुळते, ते या नावामुळेच. जो नाव स्वीकारतो त्याने ते कोठून आले, त्याला कोण ओळखतो आणि ते समजले नाही तर काय उत्तर द्यावयाचे, हे तीन प्रश्न आधी सोडवून ठेवावेत. तेवढी तयारी असली म्हणजे अर्थ उशिरा ठरला तरी चालते.